दूध संस्थेचा लॅपटॉप

पहाटेचे साडेपाच वाजले होते. दूध संस्थेच्या दारात माणसांची रांग लागली होती. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या सायकलीला कॅन. आत सेक्रेटरी लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते.

"काय वो सेक्रेटरी, आज बी जागं झालं न्हाई व्हय?"

"होतंय, होतंय. दमा जरा."

लॅपटॉप सुरू व्हायला बारा मिनिटे लागली. मग सभासदाचा नंबर दाबला, तर नाव यायला अर्धे मिनिट. फॅट लागली, काट्यावर लिटर आले, तरी पावती निघेना. सात वाजता संघाची गाडी येते. ती कुणासाठी थांबत नाही. दिवस उन्हाळ्याचे. दूध मागे राहिले तर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको.

त्या रात्री संचालकांची बैठक बसली. चेअरमन तात्या म्हणाले, "रोजची ही बोंब नको. नवा लॅपटॉप घेऊ. पैसे दिवाळीच्या फरकातनं काढू."

दूध फरक म्हणजे काय, हे दूध घालणाऱ्याला माहीत असते. वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीला मिळणारी ती जादा रक्कम. कुणी त्यातून पोरांना कपडे घेते, कुणी दुकानाची उधारी फेडते. फरकाला हात लावायचा म्हणताच सगळे गप्प झाले.

संचालकांत एक आक्का आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकल्या. आता पावती वाचतात, बँकेची चिठ्ठी भरतात. त्या म्हणाल्या, "तात्या, म्हस दूध कमी द्यायला लागली, तर आपण लगेच बाजारात न्हेतो का? आधी डाक्टर बोलावतो. ह्याला काय झालंय ते तर बघू."

दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरींना आणि त्यांच्या पुतण्याला घेऊन माझ्याकडे आल्या. पुढची हकीगत सगळी माझ्या डोळ्यांसमोरची आहे.

आम्ही लॅपटॉप चालू केला. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाचे एक पान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की ते उघडते. कुठल्या भागावर किती भार आहे, ते तिथे आकड्यांत दिसते. आक्कांनी बोट ठेवून वाचले. प्रोसेसरपुढे १२ टक्के. मेमरीपुढे ५५ टक्के. डिस्कपुढे १०० टक्के. पाच मिनिटे गेली, तरी डिस्कचा १०० हलेना.

"म्हंजे बाकीचं बसून हाय, आन ही एकटी राबतीया," आक्का म्हणाल्या.

अगदी बरोबर. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा. मेमरी म्हणजे काम चालू असताना कागद पसरायचा पाट. आणि डिस्क म्हणजे कोठार. लॅपटॉप बंद केला तरी जे टिकते, ते सगळे या कोठारात असते. सभासदांची नावे, दुधाची खाती, बँकेचे नंबर, शिवाय खुद्द विंडोजसुद्धा. कोठारातून माल लवकर निघत नव्हता, म्हणून हिशेब करणारा हात जोडून बसला होता.

तुमच्याकडे मेमरीचाच आकडा सदा ९० च्या वर असेल, तर गोष्ट वेगळी. मग आधी मेमरी वाढवता येते का, ते विचारा. आणि त्याच पानावर डिस्कच्या नावाखाली एसएसडी असे लिहिलेले असेल, तर डिस्क बदलून फारसे काही पदरात पडणार नाही. आमच्याकडे तिथे एचडीडी लिहिले होते. म्हणजे फिरती डिस्क.

पुतण्याने लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, खालचे स्क्रू सोडून डिस्क बाहेर काढली. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी. तिच्यावर चिठ्ठी होती. आक्कांनी आकडे मोठ्याने वाचले. "पाचशे जीबी. पाच हजार चारशे. हे कशाचं?"

पुतण्या म्हणाला, "आत्या, ते फेरं. मिनिटाला ५४००. आपण ७२०० वाली घालू. पळंल की मग!"

पोराचे म्हणणे ऐकायला खरे वाटते. पण हिशेब करून पाहू.

फिरत्या डिस्कच्या पोटात गुळगुळीत चकत्या असतात. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या त्या गरगर फिरतात. वर एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाला वाचणारी सुई. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासते. ही घासत नाही. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर ठेवून ती चकतीवरून तरंगते. म्हणून चालू लॅपटॉप आपटू नये. सुई चकतीवर आदळली की तेथला मजकूर गेला.

अशी पहिली डिस्क अमेरिकेत आयबीएम कंपनीने १९५६ साली विकायला आणली. तिच्यात दोन दोन फूट रुंदीच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या वर होते, आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आक्कांच्या हातातल्या डबीत त्याच्या लाखपट मावते. पण रीत तीच. चकती फिरणार, दांडा हलणार, मग अक्षर मिळणार.

आता रहाट आठवा. तुम्हांला एक ठरावीक पोहरा हवा आहे. तो नुकताच पुढे गेला असेल, तर पुरा फेरा थांबा. समोर आला असेल, तर लगेच मिळेल. सरासरी अर्धा फेरा धरा. एका सेकंदाचे हजार बारीक भाग करा. ५४०० ची चकती सेकंदाला ९० फेरे घेते. तिच्या अर्ध्या फेऱ्याला साडेपाच भाग लागतात. ७२०० ची चकती सेकंदाला १२० फेरे घेते. तिला चार भाग लागतात. वाचले दीड.

पण त्याच्या आधी दांडा योग्य रेघेवर न्यावा लागतो. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्याला साधारण बारा भाग लागतात, आणि चकती जोरात फिरली म्हणून दांडा काही जोरात हलत नाही. बेरीज करा. पहिलीला साडेसतरा भाग, दुसरीला सोळा. म्हणजे सेकंदात पहिली ५७ ठिकाणी जाऊन येते, दुसरी ६२ ठिकाणी.

आक्कांनी पाटीवर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. "पाच जास्त. एवढ्यासाठी पैसं घालायचं?"

लॅपटॉप सुरू होताना हजारो बारीक तुकडे डिस्कवरून उचलतो. ते एका ओळीत नसतात, विखुरलेले असतात. सेकंदाला ५७ च्या चालीने हजारो ठिकाणे फिरायची. बारा मिनिटे गेली ती या पायपिटीत.

एसएसडी म्हणतात त्या डिस्कमध्ये चकतीच नसते. दांडा नाही, सुई नाही, फिरणारे काहीच नाही. आत काळ्या चिपा असतात आणि त्यांत विजेच्या बारीक भाराने अक्षरे साठवलेली असतात. हवी ती जागा थेट मिळते. सेकंदाच्या त्या हजार भागांतल्या एकाच भागात ती आठ-दहा ठिकाणी जाऊन येते. फिरत्या डिस्कला एका ठिकाणी जायला सोळा-सतरा भाग लागत होते, हे ध्यानात आणा.

"मग फिरणारी नकोच," आक्का म्हणाल्या.

शनिवारी आम्ही तालुक्याला गेलो. लॅपटॉप बरोबर नेला. हे फार बरे झाले, कारण एसएसडीतही जाती आहेत, आणि कुठली बसेल हे लॅपटॉपच्या पोटातली जागा ठरवते. गिऱ्हाइकाची हौस ठरवत नाही.

दुकानदाराने दोन प्रकार मांडले. एक जुन्या डिस्कच्याच आकाराची डबी. अडीच इंची, साटा जोडाची. दुसरी च्युइंगमच्या पट्टीसारखी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. तिला एम टू म्हणतात.

पुतण्याचे डोळे पट्टीवर. "हिच्या खोक्यावर ३५०० लिहिलंय. डबीवर नुसतं ५५०!"

हे आकडे सेकंदाला किती एमबी वाचते याचे. दोन्ही खोटे नव्हते. पण हा सरळ रस्त्याने धावण्याचा वेग आहे. एकच मोठी फाईल एका दमात उचलायची असेल, तर तो कामाला येतो. सिनेमा कापणारे, जोडणारे लोक असतात, त्यांना त्याचा उपयोग. दूध संस्थेचे काम पाचशे बारीक नोंदींचे. तिथे पट्टी आणि डबी यांत माणसाला जाणवेल असा फरक थोडाच पडतो. फिरतीवरून डबीवर येणे ही मोठी उडी. डबीवरून पट्टीवर जाणे ही पुढची लहान पायरी.

आणि आमच्या लॅपटॉपला पट्टीची खाचच नव्हती. तो २०१५ साली घेतलेला. प्रश्न तिथेच मिटला. तुमच्या लॅपटॉपला खाच असेल, तरी एक विचारा. एम टू पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. दिसायला भावाभावांसारख्या, पण एकीची खाच दुसरीला चालेलच असे नाही. लॅपटॉपचा मॉडेल नंबर सांगून खात्री करा, मगच पैसे द्या.

डबीची जाडीही पाहावी लागते. काही जुन्या लॅपटॉपांत साडेनऊ मिलिमीटर जाड डिस्क असते आणि एसएसडी बहुधा सात मिलिमीटरची. ती आत हलू नये म्हणून प्लॅस्टिकची चौकट लावतात. आमची जुनी सातचीच होती.

मग मापाचा विषय निघाला. दुकानदाराने ४८० जीबीची डबी पुढे केली. "पाचशेसारखीच आहे, थोडी स्वस्त."

आक्कांनी जुनी डबी वाचली, नवी वाचली. "पाचशेतलं सामान चारशे ऐंशीत कसं मावंल?"

सामान मावले असते. जुनीत ९० जीबीच भरले होते. पण जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची असते. नवी डिस्क मापाने लहान असली, तर काही प्रोग्राम नक्कल करायला नकार देतात. आधी जुनीतले कप्पे लहान करावे लागतात. हा खटाटोप टाळायचा, म्हणून ५०० चीच घेतली.

नवी डिस्क लॅपटॉपला जोडली, तर पडद्यावर आले ४६५. आक्का चमकल्या. दूध मोजणाऱ्या बाईला मापात पस्तीस कमी दिसल्यावर ती गप्प कशी बसेल? दुकानदार हसला. पण त्याने माप मारले नव्हते. डिस्क बनवणारे हजार-हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४-१०२४ ने मोजते. माल तेवढाच, माप वेगळे. ५०० ची ४६५ दिसते, १००० ची ९३१ दिसते. यापेक्षा बरीच कमी दिसली, तर मात्र भांडा.

खरी लबाडी वेगळीच असते. फार मोठे माप आणि फार थोडी किंमत, अशा डिस्का बाजारात येतात. पडद्यावर २००० जीबी दिसते, आत मात्र त्याचा लहानसा तुकडा असतो. भरत गेलात की मागचे पुसले जाते आणि तुम्हांला कळतही नाही. म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्यावी, पक्की पावती घ्यावी, तीन किंवा पाच वर्षांची हमी पावतीवर लिहून घ्यावी. भाव सतत खालीवर होतात. दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्या. आमची डिस्क नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात पडली.

एक गोष्ट तात्यांच्या बाजूचीही सांगायला हवी. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणजे नव्या डिस्कने हा लॅपटॉप चपळ होईल, तरुण होणार नाही. आम्ही ठरवले की त्याच्यावर दुधाचेच काम करायचे आणि बँकेचे व्यवहार करायचे नाहीत. पुढच्या दोन वर्षांत थोडे थोडे बाजूला काढून नवा घ्यायचा. तात्यांनाही हे पटले.

आता सगळ्यांत नाजूक काम. नक्कल.

दुकानदार म्हणाला, "लॅपटॉप ठेवून जा, सोमवारी न्या." पण दूध सोमवारपर्यंत थांबत नाही. म्हैस सकाळी पिळावी लागते आणि संध्याकाळीही. मधल्या वेळात जे होईल ते करायचे. शिवाय त्या डिस्कमध्ये सगळ्या सभासदांचे बँकेचे आणि आधारचे नंबर होते. ती नजरेआड ठेवायला आक्का तयार नव्हत्या. दुकानदार भला माणूस. तो रविवारी सकाळी स्वतः गावात आला.

त्याने पहिला प्रश्न केला, "खात्यांची वेगळी प्रत काढली आहे का?"

सेक्रेटरी गडबडले. "लॅपटॉपात हाय की सगळं."

हाच घोटाळा पुष्कळ ठिकाणी होतो. आधी दुधाच्या खात्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. ती पेन ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावून खाते उघडते का ते पाहिले. आक्कांनी स्वतःचा नंबर सांगून शेवटचे बिल रुपयांपर्यंत ताडून घेतले. मगच पुढचे काम. काही लॅपटॉपांत डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडी नंबर. तुमच्याकडे तसे असेल, तर तो नंबरही आधीच कागदावर उतरवून घ्या.

दहा वाजता नवी डिस्क वायरने जोडून नक्कल सुरू केली. दीड तासात होईल असे वाटले होते. साडेअकराला आकडा ६१ टक्क्यांवर आला आणि थांबला. जुनी डिस्क कट्, कट् असा आवाज करू लागली.

दुकानदाराने लगेच नक्कल थांबवली. "ही आजारी आहे. काही जागा वाचता येत नाहीत. आज आलात ते बरे झाले."

असा आवाज येऊ लागला की डिस्क उगाच चालू ठेवू नये. पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघू नये. जे वाचवायचे ते आधी वाचवावे. आमची खाती पेन ड्राइव्हवर सुखरूप होती, म्हणून जीव भांड्यात पडला. डिस्क थंड होऊ दिली. मग वाचता न येणाऱ्या जागा सोडून पुढे जाणाऱ्या प्रोग्रामने नक्कल पुन्हा पहिल्यापासून लावली. आता किती वेळ लागेल, हे कुणी सांगू शकेना.

चार वाजले. पाच वाजले. दारात किटल्या वाजू लागल्या.

आक्का उठल्या. कपाटातून जुनी वही काढली, रेघा मारल्या. नंबर, नाव, लिटर, फॅट. "सांगा एकेक," म्हणाल्या. सेक्रेटरी काट्यावर उभे राहिले, पुतण्या फॅट बघू लागला आणि आक्का लिहू लागल्या. अक्षर मोठे होते, हात सावकाश चालत होता. रांगेतल्या एकाने घाई केली, तर मागचीच बाई म्हणाली, "लिवू दे की नीट. मशीनला बारा मिन्टं देत हुतास नव्हं रोज?"

८३ नोंदी झाल्या. दोन ठिकाणी खाडाखोड होती. तिथे आक्कांनी सही केली.

नक्कल रात्री नऊला संपली. सतरा जागा वाचता आल्या नव्हत्या. त्या सगळ्या पुतण्याने भरून ठेवलेल्या एका सिनेमात निघाल्या. त्यावर तो काही बोलला नाही. नवी डिस्क आत बसवली, स्क्रू आवळले, बटण दाबले. मी घड्याळ लावले होते. पाऊण मिनिटात सेक्रेटरींचा पडदा समोर आला. आक्कांनी वहीतल्या ८३ नोंदी वाचून दाखवल्या आणि त्या रात्रीच लॅपटॉपात चढवल्या.

एसएसडीचीही एक खोड सांगून ठेवतो. फिरती डिस्क बहुधा कट्कट् करून मरते, ही पुष्कळदा न सांगता मरते. मग आतले परत मिळवणे फार अवघड. आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली, तर तिच्यातला भार हळूहळू उतरू शकतो. म्हणून दर दहा दिवसांचे बिल निघाले की खात्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची असे ठरले. पेन ड्राइव्ह दोन. एक संस्थेत, एक आक्कांच्या घरी.

जुन्या डिस्कचे काय करायचे? पुतण्या म्हणाला, भंगारवाल्याला देऊ. आक्कांनी ती हातातून सोडली नाही. फाईल पुसली म्हणजे डिस्कवरून ती खरोखर जात नाही, फक्त यादीतून तिचे नाव जाते. जाणकाराला ती परत काढता येते. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे जुना लॅपटॉप बदलून नवा घेतला असता, तर गावाचे सगळे नंबर त्याच्याबरोबर कुठल्या कुठे गेले असते. दिवाळीपर्यंत ती तशीच ठेवायची, एखादी जुनी नोंद अडली तर उपयोगी पडेल. त्यानंतर स्क्रू काढून चकत्या बाहेर काढायच्या आणि हातोड्याने फोडायच्या.

आक्कांनी डिस्क फडक्यात बांधली. वर चिठ्ठी लावली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली लिहिले, "जुनी. आजारी. लावू नये. कुणाला देऊ नये." मग ती संस्थेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली तात्यांच्या हातात दिली.